ख्रिस्ती घरात काय बघायचं आणि काय नाही, याची यादी द्या असं एका आईने विचारलंय

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, दिवसभर कानात रॅप आणि रात्री सूडाची एक वेबसिरीज. एका एपिसोडला हिरोने समोरच्याला संपवलं तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात, आणि पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तुम्हाला धस्स झालं. मुलगी बारा वर्षांची, फोटो टाकते, तासाभरात लाइक्स आले नाहीत की डिलीट करते, मग जेवत नाही. मिस्टर म्हणतात वायफायच काढून टाकू. चर्चच्या युथ मीटिंगमध्ये काय काय बघायचं नाही त्याची यादी वाचली गेली आणि घरी येऊन मुलगा तुम्हाला म्हणाला, "आई, त्या यादीत तुझी सिरियल कशी नाही?" त्या रात्री तुम्ही रडलात. आणि शेवटी मला लिहिलंय, की पवित्र शास्त्राला धरून एक नीट यादी द्या, म्हणजे वादच नको.

ताई, यादी मी देणार नाहीये. टाळते आहे असं समजू नका, का देत नाही ते सांगते.

मी सतरा वर्षांची असताना आमच्या युथ ग्रुपमध्ये एक संध्याकाळ ठरली होती, सगळ्यांनी घरातल्या सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेट आणायच्या आणि पुढे येऊन टाकून द्यायच्या. मी पण टाकल्या, अगदी मनापासून, रडत रडत, आणि तेव्हाचं ते रडणं खोटं नव्हतं हे मी आजही सांगीन. पण त्यानंतर काय झालं ते बघा. कोणाचे कपडे भारी, कोणाचा आवाज चांगला म्हणून त्याला पुढे उभं करायचं, कोण दिसायला साधी म्हणून तिला मागच्या रांगेत, हे सगळं आमच्यात जसंच्या तसं राहिलं. कॅसेट गेल्या, आणि त्या कॅसेटमधून जी शिकवण आमच्यात शिरली होती ती तिथेच बसून राहिली, कारण तिच्याबद्दल त्या संध्याकाळी कोणी एक शब्द काढला नाही. आम्हाला वाटलं आम्ही जग सोडलं.

असंच मोठ्या प्रमाणावर पण झालेलं आहे. 1930 साली हॉलिवूडने स्वतःसाठी एक नियमावली स्वीकारली, तिला हेज कोड म्हणतात, आणि तिचा मसुदा लिहिण्यात डॅनियल लॉर्ड नावाचे एक जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचे, फादर होते. म्हणजे ही ख्रिस्ती माणसांनी चांगल्या हेतूने केलेली यादीच होती. 1934 पासून ती कडक लागू झाली, शिव्या नकोत, नग्नता नको, धर्मगुरूंची टिंगल नको, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटायला नको. पुढे 1968 ला ती जाऊन रेटिंगची पद्धत आली. त्या काळातले सिनेमे आजच्या मानाने "स्वच्छ" वाटतात खरे. पण त्याच नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायला बंदी होती, आणि ती बरीच वर्षं तशीच राहिली. आता पवित्र शास्त्र बघा, गणना 12 मध्ये मोशेने कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाची, बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन कुरकुर करतात आणि देव रागावतो तो त्या दोघांवर. यादी करणाऱ्यांना चुंबन किती सेकंदाचं आहे ते दिसलं आणि शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा आपण मोडतोय हे दिसलं नाही. मला यादीची भीती वाटते ती यासाठी. यादी केली की वाटतं आपलं काम झालं.

आणि अजून एक. निव्वळ काय दाखवलंय यावरून यादी करायची ठरवली तर पवित्र शास्त्रातला शास्ते 19 वा अध्याय, बलात्कार आणि खुनाचा, तुम्ही मुलांना वाचू देणार का? दावीद आणि बथशेबाची गोष्ट? व्यभिचार, नवऱ्याला युद्धात पुढे उभं करून मारणं, सगळं आहे त्यात. तरी ती गोष्ट आपल्याला बिघडवत नाही कारण मध्येच नाथान संदेष्टा येतो. तो राजाला प्रवचन देत नाही, गोष्ट सांगतो, एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची, जी एका श्रीमंताने हिसकावून घेतली. दावीद चिडतो, म्हणतो असं करणारा मेलाच पाहिजे, आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." मला वाटतं गोष्टीत किती ताकद असते हे दाखवणारा याच्याइतका चांगला प्रसंग दुसरा नाही, प्रवचनाला राजाचा दरवाजा उघडला नसता तो गोष्टीला उघडला.

तेव्हा मुलाच्या त्या सिरीजबद्दल मी तुम्हाला एकच प्रश्न देते, तिच्यात नाथान आहे का? म्हणजे रक्त आहे का नाही हा प्रश्न नंतरचा. हिरो मारतो तेव्हा ती गोष्ट आपल्याला कधीतरी थांबवते का, मेलेल्या माणसाच्या घरी नेते का, हिरोला कधी कोणी विचारतं का की तू कोण झालायस? का फक्त म्युझिक वाढतं आणि आपल्याला बरं वाटतं? काही सिरीज फार हिंसक असतात पण त्यांच्यात नाथान असतो, आणि काही अगदी गोड फॅमिली सिनेमे असतात ज्यात अपमान करणाऱ्याचा शेवटी अपमान होतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, तिथे नाथान नसतो. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल सूड देवावर सोपवा म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे. या वाक्यावर सिरीजचा एक पण एपिसोड निघणार नाही असं वाटतं, पण निघाला तर तो कसा असेल हे मुलाला विचारा, तो लिहील पण कदाचित.

तुमच्या पोराचा आनंद बघून तुम्ही घाबरलात त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. जुन्या काळातले बिशप आणि लेखक संत ऑगस्टीन आपल्या मित्राची, अलिपियसची हकीकत सांगतात. हा अलिपियस रोमला कायदा शिकायला गेला होता, ग्लॅडिएटरच्या खेळांचा त्याला तिटकारा. मित्रांनी ओढून नेलं तर म्हणाला शरीर न्याल, मन नाही नेऊ शकणार, आणि डोळे घट्ट मिटून बसला. पण कान उघडे राहिले. गर्दी एकदम ओरडली, याने डोळे उघडले आणि संपलं, रक्त बघून तो पण ओरडायला लागला आणि नंतर स्वतः दुसऱ्यांना घेऊन जायला लागला. म्हणून "मी बघतो पण माझ्यावर काही परिणाम होत नाही" असं पोरगं म्हणालं तर ते खोटं बोलतंय असं नाही, त्याला ते माहीतच नाहीये. सन 200 च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांनी असल्या खेळांना जाऊच नये म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं, लोक त्याला कडक म्हणतात, पण तिथे खरी माणसं करमणुकीसाठी मारली जात होती, नाही म्हणणंच बरोबर होतं. काही गोष्टींना आजही सरळ नाहीच म्हणायचं, पोर्नोग्राफी त्यातली पहिली, तिथे चर्चा नको. डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक असं प्रभू येशूने म्हटलंय ते आपण फार गुळगुळीत करून टाकलंय.

हा अलिपियस पुढे बिशप झाला हे मात्र विसरू नका.

आता रॅप. तुम्ही लिहिलंय "तो गोंगाट". रॅपचा जन्म 1973 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला, गरीब, मोडकळीला आलेल्या वस्त्यांतल्या पोरांचा तो आवाज होता. नंतर त्यात पैसा, गाड्या आणि बायकांना वस्तू समजणं हे पण भरपूर शिरलं, ते मी नाकारत नाही. पण मुलगा नक्की काय ऐकतो ते विचारलंत का? त्यात अन्यायाबद्दल राग असेल तर तो राग पवित्र शास्त्रातल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात पण आहे. आणि गोंगाट हा शब्द आमोस कशासाठी वापरतो माहितीये का, 5 वा अध्याय काढा, देव आपल्याच लोकांच्या भक्तिगीतांना म्हणतो की हा गोंगाट माझ्यापासून दूर न्या आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या. एक गाणं त्याच्याकडून मागून घ्या, शब्द समोर ठेवून पूर्ण ऐका, आणि जे खरं वाटेल ते खरं आहे म्हणा. पौलाने अथेन्समध्ये हेच केलं. मूर्ती बघून त्याचा जीव आतून जळत होता तरी बोलताना त्याने त्यांच्याच कवींची ओळ घेतली, "आपण वास्तविक त्याचा वंश आहोत", ही अराटस नावाच्या ग्रीक कवीची ओळ, आणि मूळ कवितेत ती झ्यूसबद्दल आहे. पौलाला ती कविता माहीत होती म्हणजे कधीतरी वाचली किंवा ऐकली होती. दानीएल पण तसाच, बाबेलची भाषा आणि विद्या सगळी शिकला, राजाच्या ताटातलं मात्र घेतलं नाही. कुठे शिकायचं आणि कुठे थांबायचं ही रेघ त्याने स्वतः मनात ठरवली होती, कोणी छापून दिली नव्हती. आपल्या मुलांना अशी रेघ मारता आली पाहिजे, कारण दोन वर्षांनी मुलगा घराबाहेर असेल आणि तुमचं वायफाय तिथे नसेल.

मुलीबद्दल मला जास्त बोलायचंय, तुमच्या पत्रात तिच्यावर चारच ओळी आहेत आणि मला त्याच जास्त लागल्या.

पहिलं म्हणजे ती बारा वर्षांची आहे आणि बहुतेक सोशल मीडिया ॲप्सना किमान तेरा वर्षं लागतात. म्हणजे अकाउंटला जन्मतारीख खोटी टाकली असणार, आणि तुम्ही लिहिलंय की अकाउंट तुम्हीच काढून दिलं. ताई, रागावू नका पण हे तिच्याशी बसून कबूल करा. "मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं, ते चुकलं, आपण बंद करू या" असं. शिक्षा म्हणून फोन ओढून घेतला तर ती तुम्हाला शत्रू समजेल, पण आई स्वतःची चूक सांगतेय हे तिने कुठल्याच रीलमध्ये बघितलेलं नसणार.

दुसरं, लाइक्स. आपण मुलींना सांगतो की लोकांच्या मताला महत्त्व देऊ नको, तू जशी आहेस तशी सुंदर आहेस. हे तर रील्स पण सांगतात! आणि सांगून झालं की खाली लाइकचं बटण असतंच. नुसतं "स्वतःवर प्रेम कर" म्हणून ते पोर त्यातून सुटत नाही, कारण स्वतःला शाबासकी देऊन माणसाची भूक भागत नाही, शाबासकी दुसऱ्याकडूनच यावी लागते. मत्तयाचा 3 रा आणि 4 था अध्याय तिच्यासोबत सलग वाचा, मध्ये थांबू नका. येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते, हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे. आता विचार करा, तोपर्यंत त्याने काय केलं होतं? एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, एक शिष्य नाही. काहीच न करता, आधी ते शब्द. आणि पान उलटलं की सैतान म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर हे करून दाखव, मंदिराच्या टोकावरून उडी मार. मला हे वाचताना दरवेळी वाटतं की आजच्या सगळ्या ॲपमध्ये हेच वाक्य आहे, असशील तर दाखव, सुंदर असशील तर दाखव, सुखी असशील तर दाखव. येशूने उडी मारली नाही कारण त्याला ऐकायचं ते त्याने आधीच ऐकलेलं होतं. तुमच्या मुलीने ते ऐकलंय का? घरात कोणाच्या तोंडून? मार्क आले म्हणून नाही, गायली म्हणून नाही, कशासाठीच नाही, असंच. तिच्या वडिलांनी तिला हे म्हटलं तर त्याचं वजन किती पडेल ते मी तुम्हाला सांगू नये.

मुलीच्याच वयात अजून एक वाक्य सगळीकडून येतं, कार्टूनमधून, गाण्यांतून, जाहिरातीतून, "फक्त तुझ्या मनाचं ऐक". चर्चमध्ये याला उत्तर म्हणून यिर्मया 17:9 फेकतात, हृदय सर्वांत कपटी आहे, आणि विषय संपवतात. ते वचन खरंच आहे, पण एवढ्यावर थांबलो तर मुलांना वाटतं देवाला आपलं मनच नकोय. यहेज्केल 36 पण वाचायला हवं ना, मी तुम्हाला नवं हृदय देईन. आणि "मनाचं ऐक" मध्ये थोडं खरं पण आहे, लोक काय म्हणतील या भीतीने जगू नको हे तर शास्त्र पण सांगतं. खोटं आहे ते त्यातलं "फक्त". माझं आजचं मन उद्या बदललं तर? माझ्या मनाला जे हवंय त्याने दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर? बारा वर्षांच्या मुलीला हे प्रश्न विचारता येतात, तिला चांगली उत्तरं पण देता येतात, फक्त आपण विचारत नाही, आपण सांगतो.

आता तुमची सिरियल.

मुलगा उद्धट बोलला, पण खरं बोलला. मी ती सिरियल बंद करा म्हणत नाही. मी म्हणते या आठवड्यात एक एपिसोड मुलाला शेजारी बसवून बघा आणि संपल्यावर आधी तुम्ही बोला, यात मला काय आवडतं, यात दुसरीची फजिती झाल्यावर मला आतून कसं छान वाटतं, ते. जड जाईल. पण त्याच्या सिरीजमध्ये नाथान शोधायच्या आधी तुमच्यात शोधला पाहिजे, नाहीतर ते कुसळ आणि मुसळ होईल. आणि घरात चर्चेला अजून पुष्कळ आहे, 1 योहान 2:16 मध्ये देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी असं जग सांगितलंय, त्यात तिसरी गोष्ट आपण चर्चमध्ये देतो त्या साक्षींमध्ये पण शिरलीय, देवाने मोठी गाडी दिली, मोठी नोकरी दिली, म्हणजे आशीर्वाद. हे मूल्य सिनेमाचंच आहे, फक्त वर हालेलुया लावलंय. मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर दिसतो आणि म्हणूनच ती यादी ऐकून घेत नाहीत.

मिस्टरांशी भांडू नका. वायफाय काढू म्हणतात त्यामागे भीती आहे आणि भीतीमागे प्रेम आहे, मुलांना पण हे सांगा. रात्री फोन सगळ्यांचे, म्हणजे तुमचे दोघांचे पण, बाहेरच्या खोलीत, हा नियम चांगला आहे, तो करा. तेवढा नियम पुरे. बाकी "हाती धरू नको, चाखू नको, स्पर्श करू नको" याबद्दल कलस्सैकरांस पत्रात पौलाने लिहिलंय की हे दिसायला शहाणपणाचं दिसतं पण देहाच्या लालसेला आवरायला त्याचा काही उपयोग होत नाही. मिस्टरांना 2 रा अध्याय शेवटपर्यंत वाचायला द्या, तुम्ही काही बोलू नका.

तुम्ही लिहिलंत की मी रडून प्रार्थना करते आणि काही होत नाही. ऑगस्टीनची आई मोनिका एका बिशपकडे गेली होती, म्हणाली माझ्या मुलाशी वाद घाला, त्याला त्या मणिपंथी, म्हणजे मानी नावाच्या माणसाच्या पंथातल्या, लोकांतून बाहेर काढा. बिशपने नकार दिला. म्हणाले तो आत्ता ऐकणार नाही, राहू दे त्याला तिथे, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, मी पण लहानपणी त्यांच्यातच वाढलो. ती ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा ते जरा वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या आसवांचा मुलगा हरवणं शक्य नाही. मुलगा परत यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

तर आज रात्री काय करायचं. मुलाच्या खोलीच्या दारात उभ्या राहू नका, आत जाऊन बसा. पहिल्या एपिसोडपासून लावायला सांगा, गोष्ट त्यालाच सांगू दे, कोण कोणाचा कोण ते विचारा. पहिल्या दिवशी वचन काढू नका, चेहरा पण वाकडा करू नका, दोन एपिसोड नुसते बघा. तिसऱ्याला विचारा, की रे, तो जो वॉचमन पहिल्याच सीनमध्ये मेला, त्याच्या घरी कोण असेल? आणि तो काय म्हणतो ते मला लिहून कळवा.

तुमची,
सदरातली ताई